कडीचा फोटो पाठव

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

रविवारी रागानं फोन ठेवला, म्हणून लिहायला बसले. पुन्हा फोन केला असता तर पुन्हा तेच बोलले असते.

पोलंडमधल्या मार्कोवा गावच्या संग्रहालयातले तुझे फोटो बाबांनी तीनदा पाहिले. योझेफ उल्मा शेतकरी, त्यात मधमाश्या, रेशीमकिडे, वर फोटोग्राफीचा नाद. थेट आपला गोविंदमामा! मी मात्र त्याच्या बायकोचाच, व्हिक्टोरियाचाच विचार करत बसले. पदरात सहा लेकरं, सातव्याचे दिवस भरत आलेले आणि माळ्यावर लपवलेली आठ ज्यू माणसं. एवढ्यांचं पीठ, एवढ्यांचं धुणं, गावाच्या नजरेतून सुटतं होय? त्यांच्या बायबलात चांगल्या शोमरोन्याच्या, वाटेवरच्या जखमी परक्याला मदत करणाऱ्याच्या गोष्टीला लाल रेघ आणि शेजारी नुसतं ‘हो’. ज्यूंना थारा दिला तर मरण, हे ठाऊक असून.

२४ मार्च १९४४ च्या पहाटे जर्मन पोलीस आले. आधी ती आठ माणसं मारली, मग नवराबायको, मग मुलं. थोरली स्तासिया आठ वर्षांची.

तू म्हणालीस, त्यानंतरही गावातल्या आणखी काही घरांनी आपल्याकडची माणसं बाहेर काढली नाहीत, वीसेक जण वाचले. खरंय गं. पण मी त्या आठ वर्षांच्या पोरीपाशीच अडकलेय.

ती बाई आणि तिचं बाळ तुझ्या खोलीत अजून किती दिवस? तिच्या नवऱ्याला पत्ता लागला तर? आधी पोलिसांत कळव, रात्री एकटी जिना उतरू नकोस, माणसानं आपली ताकद ओळखून… बघ, सुरू झालं. चुकलं.

२०१९ च्या पुरात आपल्या वरच्या मजल्यावर नऊ जण होते. तेव्हा तांदळाचा डबा मी पलंगाखाली सरकवला होता. तू तो ओढून बाहेर काढलास, ओट्यावर ठेवलास आणि मला अवाक्षर बोलली नाहीस. कुणाची लेक ही, असं वाटलं होतं तेव्हा. अजून वाटतं.

खालच्या दाराला आतून कडी आहे ना? कुलूप नव्हे, कडी.

नाचणीचं सत्त्व कुरिअरनं पाठवलंय. बाळाला दुधात पातळ करून दे, गुठळ्या होऊ देऊ नकोस. दोन किलो आहे, तिघींना पुरेल.

कडीचा फोटो पाठव.

तुझी,
आई