माळीकाकांस, मोगऱ्याच्या पहिल्या बहराचे आभार

माळीकाका,
सप्रेम नमस्कार.

आपल्या सोसायटीच्या गच्चीवरच्या मोगऱ्याला बहर आला आहे. संध्याकाळी टपोऱ्या कळ्या खुडल्या की ओंजळ भरते. याचं श्रेय तुमचं, आणि ते चारचौघांत सांगावं म्हणून हे जाहीर पत्र.

तुमचे सगळ्यांत मोठे उपकार म्हणजे तुम्ही आम्हाला हात आवरायला शिकवलंत. फूल येत नाही म्हटलं की कुंडीत आणखी पाणी, आणखी खत, ही मुंबईतल्या घरोघरची रीत. तुम्ही जानेवारीअखेर मोगऱ्याचं पाणीच तोडायला लावलंत. आठवडाभर ताण, पानं जरा मलूल होईपर्यंत. माती पार भेगाळेपर्यंत मात्र नाही. मग पानं हाताने ओरबाडून काढायची, वाळक्या नि बारीक काड्या मुळापासून कापायच्या आणि उरलेल्या फांद्या एक तृतीयांशाने छाटायच्या. काप डोळ्याच्या, म्हणजे पेरावर नवा कोंब फुटतो त्या जागेच्या, जरा वर आणि तिरका. मोगऱ्याला कळी धरते ती नव्या फुटीच्या शेंड्याला, म्हणून जितके नवे शेंडे तितकी फुलं. हे कळलं की कात्री चालवताना जीव खालीवर होत नाही.

छाटणीनंतरचं प्रमाणही तुमचंच. बारा इंची कुंडीत वरची दोन इंच माती खुरप्याने मोकळी करून काढायची, तिथे चांगलं कुजलेलं शेणखत दोन मुठी, निंबोळी पेंड एक मूठ, बोनमील (हाडांची भुकटी) अर्धी मूठ. मग तळातून वाहेपर्यंत पाणी. दहा-बारा दिवसांत नवी फूट दिसते, पुढे महिनाभरात कळ्या. झुपक्यात बहुधा तीन कळ्या असतात आणि मधली आधी उमलते, हे तुम्ही बोट लावून दाखवलंत. तेव्हापासून झाडाजवळ गेलं की नजर आधी तिथे जाते. फुलं ओसरली की त्या फांदीची दोन पेरं खाली छाटणी, म्हणजे पुढचा बहर धरतो.

हिरवंगार झाड आणि फूल एकही नाही, अशी तक्रार तुमच्याकडे सगळ्यात जास्त येते. कारणं बहुधा दोन: युरियासारखं नत्र जास्त, नाहीतर ऊन कमी. रोज पाच-सहा तास थेट ऊन हवंच. उन्हाबद्दल तुम्ही सांगितलेली गोष्ट खिडकीच्या ग्रिलमध्ये कुंड्या ठेवणाऱ्या प्रत्येकाने लिहून ठेवावी. फेब्रुवारीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून दक्षिणेच्या खिडकीत ऊन आतपर्यंत येतं. मेच्या मध्यावर तो मुंबईच्या थेट डोक्यावर येतो आणि वरच्या मजल्याचा स्लॅब तेच ऊन अडवतो. ऐन बहरात कुंडी सावलीत जाते. म्हणून मोगरा पूर्वेला किंवा पश्चिमेला, नाहीतर गच्चीवर.

कळ्या न उमलता जांभळट होऊन गळतात, ते उन्हाने नव्हे, आत अळी शिरते म्हणून. त्या कळ्या खुडून नष्ट करायच्या. झाडाखाली टाकल्या तर अळी पुन्हा वर येणार. जास्वंदीच्या शेंड्यावर कापसासारखं पांढरं दिसलं की तो पिठ्या ढेकूण. आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढायचा, मग एका लिटर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल, साबणाचे चार थेंब घालून, संध्याकाळी फवारायचं, दर आठवड्याला. सोबत मुंग्यांचाही बंदोबस्त हवा, त्या ढेकूण इकडून तिकडे नेतात.

फेब्रुवारीत फुललेल्या पिटुनियाच्या कुंड्या उचलून आणायचा मोह होतो. त्या थंडीच्या, आपल्या एप्रिलच्या उकाड्यात संपतात. त्याऐवजी तुम्ही झिनियाचं बी अर्धा सेंटिमीटर खोल पेरायला लावलंत आणि ऑफिस टाईमच्या (पोर्टुलाका, ऊन चढलं की उमलणारं फूल) तीन इंची काड्या नुसत्या खोचायला सांगितल्यात. दोन्ही उन्हाला हसून सामोरी जातात. झिनियाला पाणी मुळाशीच द्यायचं, पानं भिजली की भुरी, म्हणजे पांढरी बुरशी, धरते. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) वापरताना दोनदा धुऊन घ्यायचं, कारण त्यात मीठ असतं आणि कोवळी मुळं त्याने जळतात.

मार्चमध्ये समुद्रावरचा वारा उशिरा सुटला की दुपारचा पारा ३६-३७च्या वर जातो आणि पानं माना टाकतात. तेव्हाही लगेच बादली उचलायची नाही. बोट दोन पेरं मातीत घालायचं; ओल लागली तर झाड संध्याकाळी आपणहून सावरतं. उन्हात तापलेल्या ओल्या कुंडीत आणखी पाणी साठलं तर मुळं कुजतात.

काका, एवढं सगळं तुम्ही हातचं न राखता दिलंत. लहान मुलांच्या हातात कात्री देऊन, त्यांच्या शेजारी उकिडवं बसून डोळा कुठला ते दाखवलंत. त्याबद्दल मनापासून आभार. पाऊस स्थिरावला की मोगऱ्याच्या काड्या लावायच्या आहेत, शेजारच्या दोन इमारतींनीही मागितल्या आहेत. त्या दिवशी याच, चहा गच्चीवरच घेऊ.

आपले,
गच्चीवरच्या बागेतले आम्ही सगळे