फ्रान्समधल्या लील शहराच्या माजी महापौर मार्तिन ओब्री यांना खुले पत्र

आदरणीय मादाम ओब्री,
सप्रेम नमस्कार.

मी लालबागचा. वडील गिरणीत तीन पाळ्यांत खपले आणि 1982च्या संपानंतर पुन्हा कधी मागावर उभे राहिले नाहीत. 2006च्या थंडीत मी शिकायला तुमच्या लीलमध्ये आलो. स्टेशनातून बाहेर पडलो तर समोरच्या र्‍यू फेदेर्ब रस्त्यावर दुतर्फा हत्तींचे भलेमोठे पुतळे! 'बॉम्बेझेर द लील' हा तुमच्या शहराचा उत्सव चालू होता, आणि त्याच्या नावातच माझी मुंबई होती. परक्या गावातला माझा पहिला दिवस त्या हत्तींनी तारला.

पण मनात घर केलं ते लीलच्याच वाझेम वस्तीतल्या जुन्या सूतगिरणीनं. 2004 साली लील युरोपची सांस्कृतिक राजधानी होती, तेव्हा तुम्ही तिथं सांस्कृतिक केंद्र उभारलंत. आमच्या कितीतरी गिरण्यांच्या जागी टॉवर आले. इथं गिरणी पाडली नाही, असं फोनवर सांगितलं तेव्हा वडील बराच वेळ काही बोललेच नाहीत.

तेव्हापासून तुमची कारकीर्द वाचत आलो. 1997 साली तुम्ही रोजगारमंत्री झालात आणि कामाचा आठवडा 39 तासांवरून 35 तासांवर आणायला निघालात. मालकांच्या संघटनेचे अध्यक्ष त्या मुद्द्यावर पद सोडून गेले, तरी तुम्ही हटला नाहीत. गरिबांना आरोग्य संरक्षण देणारा 1999चा कायदाही तुमचाच. माझ्या लेखी तो जास्त मोठा. आणि 2000च्या ऑक्टोबरात तुम्ही मंत्रिपद सोडून लीलच्या निवडणुकीला लागलात. आमच्याकडे नगरसेवकाचे डोळे मंत्रालयाकडे लागलेले असतात. तुम्ही उलट्या वाटेनं गेलात. 2001 साली पिएर मोरवा यांच्यानंतर महापौर झालात, पुढच्याच वर्षी संसदेची निवडणूक हरलात, आणि तरी शहराला 24 वर्षं दिलीत. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो.

म्हणूनच दोन गोष्टी मनापासून विचारतो.

35 तासांचा नियम 2002 साली सरकारी इस्पितळांना लागू झाला, तेव्हा परिचारिकांची पुरेशी भरती आधी झालेली नव्हती. जादा तासांच्या बदल्यातल्या रजा कागदावर साठत गेल्या, वॉर्डात माणूस कमीच राहिलं. तोवर तुम्ही मंत्रालयातून बाहेर पडला होतात, पण कायदा तुमच्या नावानं ओळखला जातो. पाळीवर राबणाऱ्यांच्या घरात मी वाढलोय, कमी तासांचं मोल मला कुणी शिकवायला नको. तरीही इस्पितळांची तयारी का राहून गेली, हे तुमच्या तोंडून ऐकायचं आहे.

दुसरी गोष्ट मला जास्त टोचते. 2020च्या महापालिका निवडणुकीत तुमची यादी अवघ्या 227 मतांनी पुढे होती. पहिल्या आलेल्या यादीला निम्म्या जागा थेट मिळतात, म्हणून सुमारे 40 टक्के मतांवर सभागृहात भक्कम बहुमत आलं. मार्च 2025 मध्ये, निवडणूक वर्षावर आलेली असताना, तुम्ही पद सोडलंत आणि त्याच सभागृहानं तुमच्या पसंतीचा महापौर निवडला. कायद्यानं हे चालतं. पण 2001 साली तुम्ही स्वतः लोकांसमोर उभं राहून खुर्ची मिळवली होती. वारसदाराला मात्र ती आधी मिळाली आणि मतदारांची पाळी नंतर आली.

वाझेमच्या त्या गिरणीत एक सभा घ्या. लीलकरांना या दोन्हींची उत्तरं द्या. मी तिकीट काढून येईन, मागच्या रांगेत बसेन.

आपला,
लीलमध्ये शिकलेला एक लालबागकर