मृत्युपत्राच्या फेरफाराची नोटीस बहिणींनाही पोहोचू द्या

मा. महसूलमंत्री, महाराष्ट्र राज्य
स.न.वि.वि.

वडील वारतात. सातबाऱ्यावर नाव एकट्या त्यांचेच. एक मुलगा वारसनोंद न लावता थेट मृत्युपत्र घेऊन फेरफारासाठी, म्हणजे सातबाऱ्यावरचे नाव बदलून घेण्यासाठी, तलाठ्याकडे जातो. जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १५०(२) नुसार अभिलेखावरून ज्यांचा हितसंबंध दिसतो त्यांना नोटीस द्यायची, शिवाय ज्यांचा हितसंबंध असावा असे तलाठ्याला सकारण वाटते त्यांनाही. अभिलेखात मयताखेरीज कोणी नाही आणि अर्जदार बहिणींची नावे काढत नाही. चावडीवर प्रत डकवली जाते, १५ दिवस सरतात, मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. सासरी असलेल्या बहिणीला हे कळते ते बहुधा जमिनीला गिऱ्हाईक आल्यावर. तोवर अपिलाची ६० दिवसांची मुदत गेलेली, म्हणजे प्रांताधिकाऱ्यांपुढे आधी विलंबमाफीसाठीच भांडायचे.

हरकत आलीच, तरी ‘मृत्युपत्र नोंदणीकृत आहे’ एवढ्यावर ती उडवली जाते. मुळात मृत्युपत्राची नोंदणी ऐच्छिक आहे, आणि नोंदणी झाली म्हणून ते शाबीत होत नाही. दोन साक्षीदारांचे साक्षांकन लागते, आणि साक्षीदार हयात असेल तर निदान एकाला कोर्टात उभे करावे लागते. लाभ घेणाऱ्यानेच मसुदा करून घेतला, आजारी माणसाला तोच नोंदणीला घेऊन गेला, बाकीची मुले का वगळली याचा कागदात उल्लेखच नाही, अशा संशयाचे निरसन मृत्युपत्र पुढे करणाऱ्यानेच करायचे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्येच वेंकटचल अय्यंगार प्रकरणात सांगितले. मृत्युपत्र खरे की खोटे, यात मंडळ अधिकाऱ्याने पडूच नये. फेरफाराने मालकी ठरत नाही हे खरे. पण कर्ज देणारी बँक आणि खरेदीदार आधी सातबाराच बघतात.

कायदा बदलायची गरज नाही, एक परिपत्रक पुरे. मृत्युपत्रावरून फेरफार मागणाऱ्याने सर्व वारसांची नावे व चालू पत्ते प्रतिज्ञापत्रावर द्यावेत; विवाहित मुलींचा सासरचा पत्ता हवाच. नोटिशीसोबत मृत्युपत्राची पूर्ण प्रत जावी. आज प्रत हाती नसल्याने हरकतीत ‘मृत्युपत्र खोटे आहे’ एवढेच लिहिले जाते आणि ती तिथेच मरते. प्रत असेल तर नेमके लिहिता येते: त्या तारखेला वडील दवाखान्यात दाखल होते, अमुक साक्षीदार लाभार्थ्याचा मेहुणा आहे, पान दोनवर सही नाही. (नोंदणीकृत मृत्युपत्राची प्रत मृत्यूनंतर कोणालाही दुय्यम निबंधकाकडून मिळते, नोंदणी अधिनियम कलम ५७. हे चावडीवर मोठ्या अक्षरात लावायला काय हरकत आहे?)

हरकत आली की प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जावे आणि दिवाणी न्यायालयाचा निर्णय होईपर्यंत सर्व वारसांची नावे लावावीत, सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात ‘मृत्युपत्राबाबत वाद’ असा शेरा मारून. मृत्युपत्र खरे ठरले तर लाभार्थ्याचा वेळ जाईल, जमीन नाही. उलट, आधी लाभार्थ्याचेच नाव लागले आणि जमीन विकली गेली, तर बहिणीला त्रयस्थ खरेदीदाराविरुद्ध दावा लावावा लागतो, आणि तो आज बऱ्याच जणी लावतच नाहीत.

कळावे,
वारसाहक्काचे दावे चालवणारे काही वकील