कादंबरी वाचायचं सोडू नकोस

चिरंजीव बाळास, आईचे अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू धाकटीला सांगितलंस, की कादंबऱ्या वाचून हाती काही लागत नाही, दहावीच्या वर्षात तरी माहितीची पुस्तकं वाच, गोष्टी म्हणजे नुसता टाइमपास. ती काही बोलली नाही. हातातलं पुस्तक मिटून तिनं कपाटात ठेवून दिलं. मीही तेव्हा गप्प राहिले, कारण हे फोनवर घाईघाईत बोलायचं नाही. म्हणून लिहिते आहे.

धारवाडात खोली घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करायचा म्हणजे काय असतं ते मला कळतं. डोक्यावर राज्यघटना, अर्थशास्त्र, इतिहास, भूगोल. जे वाचायचं ते उपयोगाला आलं पाहिजे, असं वाटणारच. त्या पुस्तकांशी माझं भांडण नाही. शिकायचं असेल तर माहितीचं पुस्तक आणि मन रमवायचं असेल तर गोष्ट, ही जी वाटणी तू केलीस ती मला पटत नाही. लहानपणी तूही ती मानत नव्हतास.

वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' तुझ्या हाती आलं तेव्हा तू प्राथमिक शाळेत होतास. गुलामगिरीत जन्मलेलं पोर शिकत शिकत शास्त्रज्ञ होतं, १८९६ साली टस्कीगीच्या शाळेत जातं आणि कापूस घेऊन घेऊन दमलेल्या जमिनीत भुईमूग लावा, चवळी लावा असं गरीब शेतकऱ्यांना सांगत राहतं, ही सगळी खरी हकिकत. कल्पनेतली गोष्ट नाही म्हणून तुला ती कमी गोड लागली का? जेवायला हाका मारून मी थकले होते. रताळ्यापासून पीठ, स्टार्च, व्हिनेगर असं काय काय करता येतं हे वाचलंस आणि तसाच उठून शेतात गेलास. आजोबांना विचारलंस, "आपण रताळी नुसती पोत्यात भरून बाजाराला का घालतो?" आपल्या बेळगावच्या पश्चिम भागातल्या गावांत घरटी रताळं पिकतं, पण हा प्रश्न तोवर आपल्या घरात कुणाला पडला नव्हता. तो एका खऱ्या माणसाच्या चरित्रानं पाडला, आणि तुझी परीक्षा कुणी घेणार नव्हतं. निव्वळ आनंदासाठी वाचलेलं पुस्तक होतं ते.

तेव्हा माहितीच्या पुस्तकात आनंद असतो, हे तुला मी सांगायला नको. गोष्टीत शिकणं कुठं असतं, हे मात्र तू विसरायला लागला आहेस असं वाटतं.

मी शाळेत मुलांना शिकवताना एक फरक नेहमी सांगत आले. माहितीचं पुस्तक समोर असलं की विचारायचं, "कशावरून?" लेखकाला ते विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे आणि त्यानं पुरावा द्यायला हवा. कथेला हे विचारता येत नाही. तिला विचारायचं, "माणूस असं वागेल का?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर कागदपत्रांत, आकड्यांत, प्रयोगांत सापडतं. दुसऱ्याचं उत्तर वाचणाऱ्याला स्वतःच्या आत शोधावं लागतं, आणि तिथं फसवणूक चालत नाही. खोटं वागणारं पात्र शाळेतल्या पोरालाही लगेच कळतं.

आमच्या शिक्षकांच्या बैठकीत एकदा कुणीतरी उत्साहानं सांगितलं होतं, की चांगली कथा वाचली की दुसऱ्याच्या मनातलं ओळखता येतं, हे शास्त्रानं सिद्ध झालंय. मला ऐकून बरं वाटलं, तरी "कशावरून?" विचारायची सवय असल्यामुळे मी नंतर शोधून वाचलं. २०१३ साली डेव्हिड किड आणि इमान्युएल कास्टानो यांनी 'सायन्स' या नियतकालिकात तो प्रयोग मांडला होता. लोकांना थोडेसे उतारे वाचायला दिले आणि मग नुसत्या डोळ्यांचे फोटो दाखवून भावना ओळखायला सांगितल्या. कथेचे उतारे वाचणारे पुढे होते. पण 'सायन्स' आणि 'नेचर'मधले असे २१ प्रयोग इतरांनी जास्त माणसांवर पुन्हा करून पाहिले, त्याचा निकाल २०१८ मध्ये आला. १३ टिकले, हा टिकला नाही. म्हणून कथा वाचली की माणूस शहाणा आणि दयाळू होतो, असं मी तुला सांगणार नाही. चार पानं वाचून कुणाचं मन बदलावं अशी अपेक्षाच मला चुकीची वाटते. वर्षानुवर्षं वाचत राहणाऱ्या माणसाच्या आत काय साठतं, ते अशा प्रयोगात मावणारं नाही. माझं म्हणणं आहे ते या साठण्याबद्दल.

त्र्यंबक नारायण आत्र्यांचं 'गावगाडा' तू अभ्यासासाठी वाचलंस. १९१५ सालचं ते पुस्तक मोलाचं आहे. बलुतेदार कोण, अलुतेदार कोण, कुणाचा हक्क काय, कुणाच्या वाट्याला किती धान्य जातं, गावाची राखण रामोशांकडे कशी असे, हे सगळं त्यात आहे आणि जुनं खेडं समजून घ्यायला दुसरीकडे जायची गरज पडू नये इतकं नीट आहे. आता व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' घे, १९५५ ची. औंध संस्थानातली माणदेशातली धनगरांची वाडी. एक कोवळा मास्तर तिथं येतो आणि शाळेला पोरंच येत नाहीत, कारण पोरं मेंढरांमागं असतात. त्या वाडीत आनंदा रामोशी आहे, चोऱ्या करणारा. 'गावगाड्या'त रामोशी ही एक जात आहे, तिचं गावाच्या व्यवस्थेतलं स्थान आहे. 'बनगरवाडी'त आनंदा हा एक माणूस आहे. तो चोर आहे हे माहीत असूनही मास्तरला त्याच्याबद्दल जे वाटतं, तेच तुला वाटायला लागतं, आणि पुस्तक मिटल्यावर 'रामोशी' हा शब्द तुझ्यासाठी पहिल्यासारखा राहत नाही. पुढं पाऊस दगा देतो, माणसं मेंढरं घेऊन देशोधडीला लागतात, वाडी रिकामी पडते. दुष्काळाचे आकडे तू पाठ केले असशील. त्या ओस वाडीत मास्तर एकटा मागं राहतो तेव्हा काय होतं, ते कुठल्याही अहवालात सापडायचं नाही.

दोन्ही वाच. मी म्हणेन, दोन्ही लागोपाठ वाच. 'गावगाडा' वाचल्यावर 'बनगरवाडी' जास्त कळते, आणि 'बनगरवाडी' वाचल्यावर 'गावगाड्या'तल्या एकेका ओळीमागं माणसं दिसायला लागतात.

मात्र दोन्ही एकमेकांत मिसळू देऊ नकोस. आपल्याकडे हा घोटाळा फार होतो. कोवाड आपल्यापासून असं कितीसं लांब! तिथले रणजित देसाई म्हणजे आपल्याला घरचेच वाटतात. त्यांची 'स्वामी' १९६२ ची. थोरले माधवराव १८ नोव्हेंबर १७७२ ला थेऊरला वारले, तेव्हा त्यांचं वय अवघं सत्तावीस होतं, हा इतिहास. पण माधवराव आणि रमाबाई एकांतात काय बोलले ते देसायांनी आपल्या प्रतिभेनं लिहिलं. लोक व्यासपीठावरून ते संवाद इतिहास म्हणून सांगतात, तेव्हा मला वाईट वाटतं. त्यात देसायांचाही अपमान होतो, कारण त्यांनी निर्माण केलेलं कुणीतरी नुसतं टिपून घेतलं असा त्याचा अर्थ होतो. पेशव्यांचा इतिहास हवा तर गोविंद सखाराम सरदेसायांची 'मराठी रियासत' वाच. सत्ता हाती आणि आजार अंगात घेऊन जगणारा तरुण माणूस किती एकटा असतो, हे जाणायचं असेल तर 'स्वामी' वाच.

आता तुझ्या नोकरीचं बोलते, कारण तुझ्या डोक्यात सध्या तेच आहे आणि ते असणं रास्त आहे. उद्या तू पास होशील. कुठल्यातरी तालुक्याला, कदाचित आपल्याच सीमाभागात, अधिकारी म्हणून बसशील. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं बदलली आणि बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं, १९६६ ला सीमावादासाठी महाजन आयोग नेमला, १९६७ ला त्याचा अहवाल आला, २००४ ला महाराष्ट्र सुप्रीम कोर्टात गेला, हे तुला झोपेतून उठवलं तरी सांगता येईल. पण तुझ्या टेबलासमोर येईल ती नाडकचेरीतून, म्हणजे गावाकडच्या महसूल कचेरीतून, तुझ्याकडे पाठवलेली एखादी म्हातारी. हातात शेताचा उतारा, तोही कानडीत, जो तिला वाचता येत नाही. ती काय विचारते आहे हे कायद्याच्या पुस्तकातून कळेल. ती का घाबरली आहे, आणि विचारायचं ते सोडून भलतंच का सांगते आहे, ते कळायला अशा माणसांच्या मनात आधी राहून आलेलं असावं लागतं. प्रत्यक्ष आयुष्यात आपण किती जणांच्या मनात शिरू शकतो? आपल्या गल्लीतल्यांच्यासुद्धा नाही. गोष्ट ते करू देते.

आणि हे दोन्ही बाजूंनी. आपल्या शेजारच्या कानडी घरात रोज काय चालतं हे मी इतकी वर्षं इथं राहूनही बरंचसं कानडी लेखक भैरप्पांच्या कादंबऱ्यांतून शिकले. उमा कुलकर्णींनी त्या मराठीत आणल्या म्हणून मला वाचता आल्या. उमाताई मूळच्या आपल्या बेळगावच्याच. सीमेबद्दलची भाषणं मी जन्मभर ऐकली, मोर्चाला गेले आहे आणि महाराष्ट्रात जायची आपली मागणी न्यायाची आहे असंच मानते. पण भैरप्पांची 'वंशवृक्ष' वाचल्यावर पलीकडच्या घरातली सासू, सून, म्हातारा सासरा माझ्याइतकेच धर्मसंकटात सापडलेले दिसले, आणि ते दिसल्यानं माझी मागणी लेचीपेची झाली नाही.

उचगाव, कडोली, कुद्रेमानीच्या साहित्य संमेलनांना तू माझं बोट धरून यायचास. सकाळची ग्रंथदिंडी, लेझीम, मग उद्घाटन, मग परिसंवाद. दुपारी मंडपात माणसं जरा विरळ व्हायची आणि कथाकथन सुरू झालं की शेतातनं थेट आलेले बापये, बायका, पोरं सगळी पुन्हा दाटीवाटीनं बसायची. ज्यांनी आयुष्यात पुस्तक विकत घेतलं नाही ती माणसं तासभर हलायची नाहीत. परिसंवादही चांगले असायचे, मी वहीत टिपणं काढायची. पण घरी येऊन आज्जीला काय सांगायचे तर ती कथा. आज्जी त्यावर दोन दिवस बोलत राहायची, त्या सुनेनं असं करायला नको होतं म्हणायची, आणि त्या बोलण्यातून मला माझ्या सासूच्या मनातलं असं काही समजलं जे तिनं एरवी कधी सांगितलं नसतं.

तू राहतोस त्या धारवाडात जी. ए. कुलकर्णींनी कितीतरी वर्षं इंग्रजी शिकवलं. जन्म आपल्या जिल्ह्यातल्या एकसंब्याचा, १९२३ चा. त्यांच्या कथा सुखाच्या नाहीत. वाचून बरं वाटेल असं त्यांत फार थोडं आहे. पण आपल्या भागातल्या बोलण्याचा वास, कानडीच्या शेजारानं वाढलेली मराठी आणि गल्लीबोळांतली साधी, दैवानं चेपलेली माणसं मराठी साहित्यात इतक्या ताकदीनं आणणारा दुसरा लेखक मला माहीत नाही. संध्याकाळी फिरायला जाशील तेव्हा एवढं तरी लक्षात असू दे, की ही माणसं याच रस्त्यांवर कुणाला तरी दिसली होती.

धाकटीला मी तिचं पुस्तक परत काढून दिलंय. अभ्यास ती करते आहे, त्याची काळजी तू करू नकोस. तिला फोन करशील तेव्हा ती काय वाचते ते विचार.

रविवारी तुझा मामा धारवाडला येणार आहे, त्याच्यासोबत चकल्या, शेंगदाण्याची चटणी आणि दोन पुस्तकं पाठवते. एक 'बनगरवाडी', घरचीच प्रत आहे, मलपृष्ठ सुटलंय, जपून वापर. दुसरं जी. एं.चं 'काजळमाया', ते बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयातलं आहे, माझ्या कार्डावर काढलेलं, तेव्हा वेळेत परत पाठव. परीक्षा होईपर्यंत जी. ए. उघडू नकोस, ते डोक्यातून जात नाहीत. 'बनगरवाडी' मात्र लहान आहे, झोपण्याआधी रोज थोडी थोडी वाचलीस तरी आठवड्यात होईल. वाचून झाल्यावर काय शिकलास ते मला कळवू नकोस. त्यातल्या कुणाचा राग आला आणि का आला, तेवढं लिही.

तब्येतीला जप. खानावळीतलं दही रात्री खाऊ नकोस.

तुझी,
आई