चढाईत छातीत कळ येते त्याबद्दल

मालवण,
घटस्थापना

चि. सानिका,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर म्हणालीस, कबड्डीत दोन-तीन चढाया झाल्या की छातीत मधोमध आवळल्यासारखं होतं, मग एक ठोका चुकतो आणि पुढचा धाडकन आपटतो. सर म्हणाले पित्त असेल, मैत्रिणी म्हणाल्या टेन्शन. दोन्ही असू शकतं. पण दम लावला की दुखतं आणि थांबलं की थांबतं, अशा दुखण्याला बाकी सगळं तपासून झाल्याशिवाय पित्त म्हणायचं नसतं. म्हणून आधीच सांगते, कारण कळेपर्यंत मैदानात उतरायचं नाही. हलका सरावही नाही. निवडचाचणी हुकली तर हुकू दे बाय, ती पुढच्या वर्षी परत येईल. सरांशी मी बोलते.

यातली खरी अडचण अशी, की डॉक्टरांपुढे बसल्यावर ठोके एकदम सरळ चालतात. साधा ईसीजी जेमतेम १० सेकंदांचा असतो आणि अख्ख्या दिवसात असे १० सेकंद ८,६४० वेळा येतात. तुझा चुकलेला ठोका नेमका त्याच १० सेकंदांत यावा, हा निव्वळ योग. तेव्हा ‘ईसीजी नॉर्मल आला’ एवढ्यावर कुणी परत पाठवलं तर तू परत येऊ नकोस.

त्या वेळी काय झालं ते तुझ्या वहीत असायला हवं. परत धडधडलं तर खाली बस, फोनवर घड्याळ लाव, अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर दोन बोटं ठेव आणि पूर्ण ६० सेकंद मोज. १५ सेकंद मोजून चौपट करायची सवय अनियमित ठोक्यांना चालत नाही, आकडा साफ चुकतो. मग लिही: बटण दाबल्यासारखं एकदम सुरू झालं की हळूहळू वाढलं? थांबलं ते एकदम की ओसरत? वेगवान पण सारख्या अंतराने, की वेडेवाकडे? डोळ्यांपुढे अंधारी आली का? डॉक्टरांना शब्दांत सांगता आलं नाही तर टेबलावर बोटाने तसाच ताल वाजवून दाखव. एकदम सुरू होऊन एकदम थांबणारे, १८०-२०० चे सारखे ठोके बऱ्याचदा हृदयातल्या विजेच्या जादा वाटेमुळे येतात. तो जन्मजात दोष मांडीतल्या शिरेतून तार घालून कायमचा जाळता येतो. चढाईत १८० ठोके पडले तर तुझ्या वयात नवल नाही, पण खाटेवर बसून १८० पडले तर लगेच निघायचं. झटका चालू असतानाच जवळच्या दवाखान्यात ईसीजी निघाला तर तो एक कागद पुढच्या दहा तपासण्यांच्या तोडीचा.

आता ईसीजीचं. हे माझं रोजचं काम, म्हणून नीट ऐक. जाताना अंगाला खोबरेल नको, पावडर नको. आपल्याकडच्या घामट हवेत चिकट्या (तारा जोडायला अंगाला चिकटवतात त्या चकत्या) आधीच सुटतात, त्यात तेल असलं की रेघ थरथरते आणि ती थरथरही कधीकधी हृदयाची गडबड म्हणून वाचली जाते. मैदानावरून आलीस तर अंग पुसून दहा मिनिटं पडून राहा. समोरून बटणं असलेला शर्ट घाल आणि बाई तंत्रज्ञ हवी असं निःसंकोच माग. मुलींच्या बाबतीत घाई आणि लाजेपोटी छातीच्या पहिल्या दोन चिकट्या वर लावल्या जातात. त्यांची जागा उरोस्थीच्या, म्हणजे छातीच्या मधल्या हाडाच्या, दोन्ही बाजूंना, तिसऱ्या आणि चौथ्या बरगडीमध्ये मुळीच नव्हे, चौथ्या-पाचव्या बरगडीमधल्या फटीत असते. एक फट वर गेली तरी चित्र बदलतं आणि नसलेला आजार कागदावर उमटतो. हातांच्या तारा अदलाबदल झाल्या तरी तेच.

कागद मिळाला की त्याच दिवशी फोटो काढ आणि झेरॉक्स कर. तो उष्णतेवर छापला जाणारा कागद असतो. प्लास्टिकच्या पिशवीत, उन्हातल्या एसटीत राहिला की वर्षभरात कोरा होतो, आणि जुन्या ईसीजीशी ताडून बघायची वेळ येते तेव्हा हाती काही उरत नाही.

यंत्राने वर ‘असामान्य’ असं छापलं म्हणून घाबरू नकोस. रोज सराव करणाऱ्या मुलीचे बसल्याजागी ५० ठोके, श्वासाबरोबर थोडे कमीजास्त होणारे ठोके, उंच रेघा, हे सगळं कसलेल्या हृदयाचं असतं. पण डाव्या बाजूच्या लीडमध्ये (त्या बाजूच्या रेघांत) टी लाट, म्हणजे ठोक्याच्या शेवटचा छोटा उंचवटा, उलटी असेल, क्यूटी, म्हणजे ठोका सुरू झाल्यापासून त्या लाटेच्या शेवटापर्यंतचा वेळ, लांबलेला असेल किंवा क्यूआरएसची, म्हणजे ठोक्याच्या उंच टोकाची, चढण सुरुवातीलाच तिरकी असेल, तर ‘खेळाडू आहे, चालायचंच’ म्हणून ते सोडायचं नाही. क्यूटीचा यंत्राने काढलेला आकडा डॉक्टरांनी हाताने मोजून पडताळावा, एवढी विनंती कर.

इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, दोन गोष्टी विचारायच्या. डाव्या कप्प्याच्या भिंतीची जाडी किती? खेळाडू मुलींमध्ये ती १२ मिलिमीटरच्या वर क्वचितच जाते. त्याहून जाड असली तर स्नायू जाड होण्याचा आनुवंशिक आजार आहे का ते बघावं लागतं. दुसरं, हृदयाला रक्त देणाऱ्या दोन्ही धमन्या आपापल्या जागेवरून निघतात ना? एखादी चुकीच्या बाजूने निघून दोन मोठ्या रक्तवाहिन्यांच्या मधून गेली असेल, तर जोराच्या श्रमात तिच्यातलं रक्त अडतं. बसल्याजागी मात्र ईसीजी स्वच्छ असतो. तुझी कळ दमातच येते म्हणून मला याचीच जास्त काळजी आहे. इकोत धमन्यांची तोंडं दिसली नाहीत तर सीटी करायचा. डॉक्टरांनी छाती तू उभी असतानाही ऐकायला हवी. जाड स्नायूने वाट अडत असेल तर उभं राहिल्यावर किंवा दम रोखून जोर केल्यावर हृदयाचा आवाज वाढतो, पडून असताना तो निसटू शकतो.

पट्ट्यावर धावायची चाचणी डॉक्टर हजर असतील तिथेच. बरेच ठिकाणी वयाच्या हिशेबाने ८५ टक्के ठोके झाले की पट्टा थांबवतात. तुला तेवढ्याने घामही फुटणार नाही. ‘माझी कळ पूर्ण दम लागल्यावर येते’ हे आधी सांग, म्हणजे सुरक्षित असेल तिथवर ते नेतील. चुकलेले ठोके श्रमात नाहीसे झाले तर बहुधा निरुपद्रवी असतात, श्रमाबरोबर वाढले तर पुढे तपासायचे. २४ तासांचा होल्टर (अंगावर बांधून ठेवायचं ईसीजीचं छोटं यंत्र) लावला तर त्या दिवशी आंघोळ नाही. काय जाणवलं ते मिनिटासह लिहायचं, नाहीतर नुसत्या रेघांवरून काही जुळत नाही. दिवसभर लोळून काढू नकोस, जिने चढ, चाल. त्याहून जास्त काही करायचं का ते डॉक्टर ठरवतील.

गणपतीत तुला चार दिवस ताप होता, हे न विसरता सांग. विषाणूच्या तापानंतर हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते. आपल्याकडे पावसाळ्यात डेंग्यू आणि लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) असतात, त्यांतही येते. त्यासाठी रक्तातलं ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढणारं प्रथिन, बघतात, गरज पडली तर एमआरआय. तो लागला तर कोल्हापूर की गोव्यातलं बांबोळी ते आपण ठरवू. सूज निघाली तर साधारण ३ ते ६ महिने खेळ बंद. अंगात ताप असताना घाम काढून तो उतरवायचा हट्ट खेळाडू करतात, तो फार वाईट. हिमोग्लोबिन आणि थायरॉईडही त्याच सुईत होऊन जाऊ दे.

दोन्ही घरांत विचारून मी यादी केली आहे: पन्नाशीच्या आत अचानक गेलेलं कोण, वारंवार बेशुद्ध पडणारं कोण, फिट येणारं कोण. पट्टीचा पोहणारा कुणी विहिरीत किंवा खाडीत बुडाला असेल तर तेही त्यात हवं, कारण लांब क्यूटीचा झटका काहींना नेमका पोहतानाच येतो. औषधांची यादी तू कर. सर्दीच्या गोळ्या, ॲझिथ्रोमायसिन आणि त्या मुलींनी दिलेली व्यायामाआधीची पावडर, सगळं. पावडर आजच बंद.

छाती दाबून पाहा असं कुणी सांगेल. बरगडीच्या कूर्चेवर (पुढच्या मऊ हाडावर) दाबल्यावर नेमकी तीच कळ आली तर स्नायू-बरगडीचं असू शकतं. पण त्यावर स्वतःच निकाल लावू नकोस.

खोलीतल्या मुलींना हा परिच्छेद वाचून दाखव. धावताना कुणी कोसळली, हाकेला ओ देत नाही आणि श्वास नीट नाही, तर कांदा-चप्पल हुंगवत बसायचं नाही. अधूनमधून येणारे आचके म्हणजे श्वास नव्हे. एकीने १०८ लावायचा, दुसरीने छातीच्या मधोमध ५ ते ६ सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबायचं, प्रत्येक वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची, दोन मिनिटांनी हात बदलायचे. १२ जून २०२१ ला कोपनहेगनमध्ये डेन्मार्कचा ख्रिश्चन एरिक्सन भर सामन्यात कोसळला. जागेवरच छाती दाबली गेली, शॉक मिळाला, म्हणून तो वाचला. छातीत यंत्र बसवून पुढच्याच वर्षी तो परत खेळायला लागला.

मी शनिवारी सकाळच्या गाडीने रत्नागिरीला येते. तोवर अंधारी आली, कळ बसल्याजागी आली किंवा पाच मिनिटांत ओसरली नाही, तर माझी वाट न बघता वॉर्डनबाईंना घेऊन सिव्हिलला जा आणि तिथून मला फोन कर. वही आणि लहानपणीची फाईल पिशवीत काढून ठेव. शुक्रवारी रात्री डोक्याला तेल लावलंस तर चालेल, अंगाला नको.

तुझी
आई