आरोग्यमंत्री साहेब, रेडिओवरची पंधरा मिनिटं आमच्या पोरांना द्या

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
सप्रेम नमस्कार.

साहेब, मी गोवंडीत बैंगनवाडीला राहते. आमच्याकडची कॉलेजची पोरं आरोग्यावर छोटे छोटे रेडिओ कार्यक्रम बनवतात, मी त्यांच्यासोबत असते. दहा बाय दहाच्या खोलीत पंखा बंद करून, डोक्यावरून गोधडी घेऊन मोबाइलवर रेकॉर्डिंग करतात, कारण बाहेर टेम्पो, लाउडस्पीकर, नळावरची भांडणं सगळं एकदम चालू असतं.

टीबीच्या एपिसोडसाठी एका पोरीने शेजारच्या काकूंना सरळ विचारलं, गोळ्या मधेच का सोडल्या? काकू म्हणाल्या, अगं लघवी लाल व्हायला लागली, मला वाटलं रक्त जातंय. टीबीच्या रिफॅम्पिसिन या औषधामुळे लघवी केशरी-लाल होते आणि त्यात घाबरण्यासारखं काही नसतं, पण हे काकूंना कोणी सांगितलंच नव्हतं! आणि सहा महिन्यांचा कोर्स असा अर्धवट सुटला की औषधांना दाद न देणारा टीबी होऊ शकतो, मग उपचार आणखी अवघड. पोरीने तो प्रश्न आणि डॉक्टर मॅडमचं उत्तर जसंच्या तसं एपिसोडमध्ये घेतलं. भिंतीवरच्या एकाही पोस्टरवर मी हे वाचलेलं नाही, तिथे आपलं ‘वेळेवर उपचार घ्या’ एवढंच.

2022 च्या नोव्हेंबरात इथे गोवरची साथ आली, लहान लेकरं गेली. लस दिली की ताप येतो, मग पोराला घेऊन घरी बसायचं, दिवसाचा रोज बुडतो, असं आया बोलतात ना, त्यावर बोलायला त्यांच्याच गल्लीतलं कोणीतरी लागतं.

रेडिओच का म्हणाल तर जरीकाम करताना, लसूण सोलताना हात गुंतलेले असतात, कान मोकळे असतात.

2006 पासून सामाजिक संस्थांनाही कम्युनिटी रेडिओ काढता येतो हे माहितीये, पण लायसन, ट्रान्समीटर, जागा हे आमच्या आवाक्यातलं नाही. म्हणून एवढंच मागतेय की तुमच्या खात्याच्या प्रचाराच्या पैशातून आकाशवाणी मुंबईवर आठवड्याला पंधरा मिनिटं घ्या आणि ती वस्तीतल्या पोरांना द्या. आकाशवाणी केंद्राची आहे, कळतं, पण वेळ तुमचं खातं विकत घेऊ शकतं. औषधाची, आजाराची माहिती डॉक्टरांनी तपासावीच, त्यात आम्हाला सूट नको. बोली मात्र पोरांचीच राहू द्या, मराठी, हिंदी, जशी घरात बोलतात तशी. एका ऑफिसात आम्हाला लघवीचा भागच काढायला सांगितला होता, बरं दिसत नाही म्हणे. अहो, काकूंच्या गोळ्या त्याच्यामुळेच तर सुटल्या होत्या!

आणि पोरांना मानधन द्या साहेब, क्लास आणि पार्टटाइम नोकरी सांभाळून रात्री जागून एडिटिंग करतात ती.

एपिसोड पेन ड्राइव्हवर घेऊन आम्ही मंत्रालयात येतो, फक्त दिवस कळवा.

आपली,
बैंगनवाडीची एक रहिवासी