सुध्या, तो निळा पेन ड्राइव्ह आहे का?

सोलापूर

प्रिय सुध्या,

सात-आठ महिने तुला फोन नाही, पत्र नाही. वेळ नव्हता असं लिहिणार नाही, तुझ्याशी बोलायची हिंमत होत नव्हती. आईचा गुडघा तसाच, बाकी सगळे बरे.

आपलं बिटकॉइनचं वॉलेट, म्हणजे पैसे उचलायच्या गुप्त किल्ल्या ठेवलेली फाईल, बिघडलंय बे. ते वॉलेट चालवणारा प्रोग्राम, बिटकॉइन कोअर, चालू असताना रात्री लाईट गेली. सकाळी लावलं तर पडद्यावर एकच ओळ: 'वॉलेट डॉट डॅट करप्ट, सॅल्व्हेज फेल्ड', म्हणजे फाईल खराब, तिच्यातलं वाचवायचा प्रयत्नही फसला. तुझा वाटा त्यातच आहे, म्हणून तुला सांगवेना.

एका दुकानदारानं रीइंडेक्स करायला लावलं. कित्येक दिवस मशीन चालू, हाती काही नाही. रीइंडेक्सनं ब्लॉकचेनचा, म्हणजे सगळ्यांच्या व्यवहारांच्या वहीचा, साठा नव्यानं बांधला जातो, किल्ल्या तिथं नसतातच. पैसे जागेवर आहेत, पत्ता टाकून मी रोज बघतो. उचलायची किल्ली तेवढी त्या फाईलमध्ये. मग फाईलची कॉपी काढली आणि त्या कॉपीवर बिटकॉइन-वॉलेट टूलचं सॅल्व्हेज चालवलं. बऱ्याच किल्ल्या निघाल्या. शेवटच्या व्यवहारातले सुटे ज्या पत्त्यावर परत आले, त्याची मात्र नाही. आणि मोठी रक्कम तिथंच.

2014 चा गड्डा, सिद्धेश्वराची जत्रा, आठव. वॉलेटला पासवर्ड घातलाय तर त्याची कॉपी पुन्हा एकदा घे, म्हणून तू होम मैदानापासून सात रस्त्यापर्यंत भांडलास. मी म्हणत होतो, एकदा घेतलीये की! रागारागात माझ्या वाटची शेंगाचटणीपण तूच संपवलीस, ते मी अजून विसरलो नाही. पण तुझंच बरोबर होतं रे. त्या वेळी वॉलेट पुढच्या 100 किल्ल्या आधीच करून ठेवायचं, आणि पासवर्ड घातला की तो साठा बाद होऊन नवा बनायचा. एकाच बीजातून, म्हणजे एका मूळ गुप्त आकड्यातून, सगळ्या किल्ल्या काढायची सोय कोअरमध्ये आली 2016 ला, आपलं वॉलेट त्याआधीचं. माझी कॉपी पासवर्डाच्या आधीची, तिच्यात ही किल्ली कुठून असणार? नंतर आपले व्यवहार झाले मोजून वीसेक. पासवर्डानंतरची कॉपी असेल तर किल्ली तिच्यात असायलाच पाहिजे.

दुसऱ्या दिवशी तू माझ्या खोलीत निळा पेन ड्राइव्ह लावून बसला होतास. अबोला होता, म्हणून मी काही विचारलं नाही. तेव्हा कॉपी घेतली होतीस का?

नव्या घराची वास्तुशांत झाली का? वहिनींना नमस्कार, चिमीला पापा.

पेन ड्राइव्ह सापडला तर कुठंच लावू नकोस. लावलाच आणि फॉरमॅट करू का विचारलं, तर नाही म्हण. फक्त एक फोन कर, मी मिळेल त्या गाडीनं पुण्याला येतो. पासवर्ड मला पाठ आहे.

तुझा,
बाळ्या